साडेअकरा पौंडांचा करारनामा

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानच्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यासमक्ष बावीस वर्षांच्या एका पदवीधर तरुणाने एका करारनाम्यावर सही केली. करारनाम्याचा आशय मोजकाच होता. १५ जून १९१३ पासून १४ जून १९१६ पर्यंत, म्हणजे पूर्ण तीन वर्षे, त्याला दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते. त्या काळात त्याने न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घ्यावयाचे होते आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावयाची होती. हा तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

दरवर्षी १४ एप्रिलच्या भाषणांत आपण हा सारा प्रसंग एका वाक्यात आटोपतो : सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि बाबासाहेब अमेरिकेला गेले. वाक्य खरे आहे. पण त्यामुळे आपल्या मुलांच्या मनात एक विचित्र समजूत घर करून बसते. आपल्या बोलीत नोकरी 'लागते', लॉटरी 'लागते', तशी शिष्यवृत्तीही 'लागते'. जणू ती कुठून तरी येऊन माणसाच्या अंगाला चिकटते! इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला या क्रियापदाचे नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. शिष्यवृत्ती मागावी लागते, तिच्यासाठी कुणाची तरी शिफारस लागते, मुलाखतीत स्वतःचे म्हणणे मांडावे लागते आणि शेवटी सही करावी लागते. सही केली की देणाऱ्याच्या अटी आपल्या होतात. आपल्या निवासी शाळेतील मुले-मुली आता पदवीनंतर परदेशी जाण्याचे स्वप्न पाहू लागली आहेत. अशा वेळी १९१३ च्या त्या करारनाम्याची कलमे नीट उलगडून पाहणे उपयोगाचे ठरेल.

प्रथम, सहीपर्यंतची वाट. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते, म्हणजे शेकडा साडेसदतीसच्या आसपास. दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलाला साठ टक्के पडले म्हणून घरात सुतकी चेहरे करून बसणाऱ्या पालकांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. त्या यशाबद्दल मुंबईत सत्काराची सभा झाली, सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र या विद्यार्थ्याला भेट दिले. हे पुस्तक पुढे कोठवर पोहोचले हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. इथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की केळुसकर गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. इंटरची परीक्षा झाल्यावर सुभेदार रामजींची आर्थिक ओढाताण पाहून त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील पुढील शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची मदत मिळवून दिली. बी.ए. झाल्यानंतर जानेवारी १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पाठोपाठ २ फेब्रुवारीला सुभेदारांचे निधन झाले.

म्हणजे साडेअकरा पौंडांच्या आधी पंचवीस रुपये होते, पंचवीस रुपयांच्या आधी एका शिक्षकाची शिफारस होती आणि शिफारशीच्या आधी चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा एक मुलगा त्या शिक्षकाच्या नजरेस पडला होता. मोठी शिष्यवृत्ती बहुधा अशीच येते. लहान मदतीचा हिशेब चोख ठेवलेला असला, तर मोठी मदत देणाऱ्याला भरवसा वाटतो. आजही परदेशी विद्यापीठे दोन किंवा तीन शिफारसपत्रे मागतात ती याच कारणासाठी. आपल्याकडे मात्र शिफारसपत्र म्हणजे 'सदर विद्यार्थी हुशार, नम्र व होतकरू आहे' अशा तीन ओळी आणि खाली शिक्का! त्या तीन ओळींचा कोलंबियाला किंवा लंडनला काडीचाही उपयोग नसतो. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारला, कोणता निबंध लिहिला, कोठे अडला आणि त्यातून कसा बाहेर आला, हे ज्याला ठाऊक आहे अशाच प्राध्यापकाचे पत्र तेथे वाचले जाते. तेव्हा महाविद्यालयात गेल्यावर शेवटच्या बाकावर तीन वर्षे मुकाट बसून राहणे परवडण्यासारखे नाही.

महाराज त्या सुमारास काही विद्यार्थ्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याच्या विचारात होते. त्यांची व बाबासाहेबांची मुंबईत भेट झाली. चरित्रकारांनी या भेटीचा जो वृत्तान्त दिला आहे तो फार बोलका आहे. कोणता विषय शिकणार, असे महाराजांनी विचारले. समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक अर्थव्यवहार, असे उत्तर मिळाले. ते शिकून काय करणार, असा पुढचा प्रश्न आला. आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचा मार्ग त्यातून शोधीन, असे तरुणाने सांगितले. त्यावर महाराजांनी हसून विचारले की आमची नोकरीही करावयाची आहे ना, मग दोन्ही कसे जमणार? संधी दिलीत तर दोन्ही पार पाडीन, असे बाबासाहेब म्हणाले.

आज परदेशी विद्यापीठाला अर्ज करताना विद्यार्थ्याला 'हेतुनिवेदन' लिहावे लागते. काय शिकणार, तेथेच का शिकणार आणि शिकून काय करणार, या तीन प्रश्नांची एक-दोन पानांत उत्तरे द्यावयाची असतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीच्या अर्जातही नेतृत्व, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढील कार्याची योजना यांवर स्वतंत्र निबंध मागतात. आपली मुले तेथे गरिबीचे वर्णन करतात आणि थांबतात. गरिबी सांगण्यात लाज बाळगू नये हे खरे. पण बाबासाहेबांच्या उत्तरात गरिबीचा शब्दही नाही. त्यात एक विषय आहे, त्या विषयाची नेमकी शाखा आहे आणि त्या शाखेचा समाजाच्या प्रश्नाशी असलेला संबंध आहे. सार्वजनिक अर्थव्यवहार म्हणजे सरकार कोणाकडून कर घेते आणि कोणावर खर्च करते याचे शास्त्र. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एका तरुणाने १९१३ साली नेमके हेच शास्त्र निवडावे, यात त्याच्या पुढील आयुष्याची बीजे दिसतात.

आता रकमेचा हिशेब करू. त्या काळी एक पौंड म्हणजे १५ रुपये असा दर होता. साडेअकरा पौंडांचे सुमारे १७२ रुपये होतात. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्याला ही रक्कम डोळे दिपवणारी वाटली असेल. पण डॉलरमध्ये ती ५६ च्या आसपास भरते, आणि न्यूयॉर्कमध्ये त्या ५६ डॉलरमध्ये राहणे, जेवणे, कपडे, पुस्तके असे सारे भागवावयाचे होते. त्यातून मुंबईला घरीही पैसे पाठवावयाचे होते. रमाईंच्या कडेवर तेव्हा सहा-सात महिन्यांचा यशवंत होता. घरातील कर्ता पुरुष फेब्रुवारीत गेला आणि दुसरा जुलैत सातासमुद्रापार पोहोचला. शिष्यवृत्तीच्या हिशेबात ज्यांचे नाव कोठेही लिहिले जात नाही, अशा माणसांमध्ये रमाईंचे नाव सर्वांत वर लिहावे लागेल. आजही परदेशी शिकणाऱ्या मुलामागे घरी एक बहीण थांबलेली असते, एक आई शिलाई मशिनवर बसलेली असते, आणि वडिलांच्या औषधांचा खर्च पुढे ढकललेला असतो. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी निघण्यापूर्वी एकत्र बसून हा हिशेब कागदावर मांडावा, असे मला वाटते. न मांडलेला हिशेब परदेशात मध्यरात्रीच्या फोनवर मांडला जातो आणि तेव्हा दोघेही रडतात.

त्याच १९१३ साली न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी मुलांबरोबर मुलींनाही शिकवा म्हणजे समाजाची प्रगती वेगाने होईल, असे आवर्जून कळविले होते. नव्या देशात पाय ठेवून काही दिवस झाले होते, आणि मन मात्र इकडच्या मुलींच्या शाळेत होते.

तीन वर्षांचे त्यांनी काय केले? विद्यापीठाच्या नोंदींवरून अभ्यासकांनी जे आकडे दिले आहेत ते पाहण्यासारखे आहेत : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन प्रत्येकी १. पदवीपुरते शिकावयाचे असते, तर याच्या निम्म्यातही भागले असते. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, फ्रँकलिन गिडिंग्ज असे त्या त्या विषयातील धुरीण तेथे शिकवीत होते. १९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती, यंत्रणा व प्रसार यांविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरील पीएच.डी.चा प्रबंधही याच मुदतीत लिहून झाला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके गोळा केली, असे चरित्रकार सांगतात. ५६ डॉलरांत!

करारनाम्याची मुदत जून १९१६ मध्ये संपली, पण त्यांचा अभ्यास संपला नव्हता. लंडनला जाऊन अर्थशास्त्राची उच्च पदवी आणि बॅरिस्टरी दोन्ही करावयाचे होते. विनंती केल्यावर बडोद्याने एका वर्षाची मुदत वाढवून दिली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे नावे दाखल झाली. सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्यासाठी परिचयपत्रही दिले. परंतु वर्ष सरताच परत येण्याचे फर्मान निघाले. येथे बाबासाहेबांनी एक गोष्ट केली, जिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची रीतसर परवानगी मिळवली. दार बंद होत असताना त्यांनी त्यात पाऊल अडकवून ठेवले, आणि तेही कागदोपत्री. अर्धवट शिक्षण सोडून परतावे लागणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो. परदेशी विद्यापीठांत अभ्यासक्रम स्थगित करण्याची सोय बहुधा असते. अर्ज मात्र निघण्यापूर्वी द्यावा लागतो.

परतीच्या प्रवासात महायुद्ध चालू होते. पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते पाणतीराने बुडाले. सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले, कारण करारनाम्यात दहा वर्षांच्या सेवेची अट होती. पुढे काय घडले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. शहरात हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. ज्या बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले, ती जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून वंदन करतो.

मला येथे करारनाम्याकडे पुन्हा वळावेसे वाटते. त्यात विद्यार्थ्याने काय करावे याची कलमे होती. ती त्याने पाळली. संस्थानाने पैसे देण्याचे कलम होते. तेही पाळले गेले. मात्र त्या दहा वर्षांत हा विद्वान नोकर कोणाच्या घरी भाड्याने राहील, पाणी कोठे पिईल, हे कोणत्याही कलमात नव्हते. महाराजांचा हेतू उदार होता याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही, आणि बाबासाहेबांच्या मनातही नसावी. कारण १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहारावरचा ग्रंथ त्यांनी कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांनाच अर्पण केला आहे. परंतु एका राजाची इच्छा आणि त्याच्याच राजधानीतील एका खोलीची किल्ली यांच्यामध्ये जातिव्यवस्था उभी होती. शिष्यवृत्ती माणसाला न्यूयॉर्कपर्यंत पोहोचवू शकली. बडोद्याच्या एका घरात पोहोचवू शकली नाही. आज मोठ्या शहरात आडनाव विचारून घर नाकारले जाते, तेव्हा परदेशातून शिकून आलेल्या आपल्या मुलांनाही तोच अनुभव येतो. त्यासाठी त्यांची मने आधीपासून तयार असावीत, एवढ्यासाठीच हे लिहिले.

दुसरी परदेशवारी कोणाच्याही करारनाम्याशिवाय झाली. नोव्हेंबर १९१८ पासून बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापक होते. संसार पूर्वीसारखाच काटकसरीने चालवून त्यांनी पगारातून पैसे बाजूला टाकले. मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले आणि राजर्षी शाहू महाराजांचेही साहाय्य झाले. जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत अजून उरली होती. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळवल्या. डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १९२० च्या आरंभी पौंडाच्या तुलनेत रुपया खूप चढला होता आणि वर्षभरात तो कोसळला. रुपयांत साठवलेली पुंजी घेऊन लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला विनिमयाचा दर हा विषय ग्रंथालयात बसूनच शिकावा लागला असेल, असे नाही! शैक्षणिक कर्ज काढून परदेशी जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. कर्ज रुपयांत मंजूर होते, शुल्क पौंडांत किंवा डॉलरमध्ये भरावे लागते, आणि दोन वर्षांत दर कोठे जाईल याची हमी कोणी देत नाही.

आणखी एक तपशील. कोलंबियाचा प्रबंध १९१६ मध्ये लिहून झाला होता, तरी पीएच.डी.ची पदवी रीतसर मिळाली १९२७ साली. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर कराव्या लागत, आणि छपाईचा खर्च कोणत्याही शिष्यवृत्तीत नव्हता.

स्वतः या साऱ्यातून गेलेल्या माणसाच्या हाती अधिकार आला तेव्हा त्याने काय केले, हेही सांगितले पाहिजे. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तीन-चार महिन्यांतच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात भारतातील विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी दरवर्षी दोन लाख रुपये आणि इंग्लंड, अमेरिका आदी देशांत जाऊन शिकण्यासाठी दरवर्षी एक लाख रुपये अशी मागणी होती. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आधार तीच, माझ्याही. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आली. एका संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट नागरिकाला नियमाने मागता येऊ लागली, हा फरक लहान नाही. मर्जीपुढे हात जोडावे लागतात. नियमाखाली अर्ज करता येतो, नाकारल्यास कारण विचारता येते आणि वेळ पडली तर न्यायालयातही जाता येते.

पण नियमही माणसेच लिहितात. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत एक नवे कलम आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे ते कलम. भारताचा अभ्यास भारतातच होऊ शकतो, त्यासाठी परदेशी कशाला जावयाचे, असा त्यामागील युक्तिवाद होता. या कसोटीवर बाबासाहेबांचे काम ठेवून पाहा. प्राचीन भारतातील व्यापार : अपात्र. भारतातील जाती : अपात्र. ज्या निबंधाने जातिसंस्थेच्या शास्त्रीय अभ्यासाला नवी दिशा दिली, तो न्यूयॉर्कच्या चर्चासत्रात वाचता आला, कारण बडोद्याच्या राजाने असे कलम घातले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की १९४२ च्या निवेदनात बाबासाहेबांनी स्वतःच विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर भर दिला होता. होय, दिला होता. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, असे त्यांचे त्या वेळचे मत होते. परंतु जे शिक्षण महाग म्हणून आपल्या आवाक्याबाहेर होते, ते आवाक्यात आणण्यासाठी त्यांनी जादा पैसे मागितले. इतिहास शिकू नका, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. स्वतः अखेरपर्यंत ते इतिहासच लिहीत होते. आपल्या समाजाविषयी जगाच्या विद्यापीठांत कोणी बोलावे, हा प्रश्न या एका कलमाच्या आड उभा आहे. आपली मुले बोलणार नसतील, तर तो विषय तेथे बंद पडणार नाही. दुसरे कोणी तरी बोलेल.

आता आजच्या वाटा थोडक्यात. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा दरवर्षी १२५. पैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, अशा प्रमुख अटी आहेत. शुल्काखेरीज निर्वाहासाठी वर्षाला ब्रिटनमध्ये ९,९०० पौंड, इतरत्र १५,४०० अमेरिकी डॉलर मिळतात. (बाबासाहेबांचे वर्षाचे १३८ पौंड होत होते.) राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, तिच्या जागा ७५. तिचा अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. गुण, उत्पन्न आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीविषयीच्या अटी बदलत असतात, म्हणून गेल्या वर्षी ज्याला मिळाली त्याच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा निधीची शिष्यवृत्ती कर्जरूप आहे. ती फेडावी लागते. के. आर. नारायणन टाटांच्याच मदतीने लंडनला हॅरॉल्ड लास्कींकडे शिकावयास गेले होते.

वेळापत्रकाविषयी सांगावयाचे तर अमेरिकेतील विद्यापीठांचे अर्ज बहुधा डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि शिक्षण पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपूर्वी हेतुनिवेदन, शिफारसपत्रे आणि इंग्रजीची परीक्षा उरकलेली असावी. निकाल लागल्यावर बघू, असे म्हणणाऱ्याचे एक वर्ष गेलेच. प्रवेशपत्र हाती असल्याशिवाय शासकीय शिष्यवृत्तीच्या अर्जाला बळ येत नाही, आणि विद्यापीठाचे अर्जशुल्क, परीक्षा, पासपोर्ट हा खर्च शिष्यवृत्तीच्या आधीच करावा लागतो. पहिला हप्ता हाती पडेपर्यंतचे काही आठवडेही स्वतःच्या खिशातून काढावे लागतात. माजी विद्यार्थ्यांच्या संघाने काही करावयाचे ठरवले तर ही रक्कम उसनवार देणारा एक छोटा निधी उभारावा. लाखो रुपयांची शिष्यवृत्ती काही हजारांसाठी हातची जाते, हे दुःख टाळण्यासारखे आहे.

कागदपत्रांत आपल्या समाजाची एक खास अडचण असते. धर्मांतरानंतर कोणाच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे, कोणाच्या 'हिंदू महार', भावाच्या एक तर बहिणीच्या दुसरे. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती खुल्या झाल्या. पण केंद्राच्या योजनेला केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि राज्याचे प्रमाणपत्र तेथे परत येते. दोन्ही वेळेवर काढून ठेवावीत. जातपडताळणीही लवकर करून घ्यावी. नावाचे इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे असेल, तर व्हिसाच्या वेळी प्रतिज्ञापत्रे करीत फिरावे लागते. यातील बहुतेक चुका शाळेच्या प्रवेश अर्जावर सुरू होतात. म्हणून पालकांनी पाचवीत मुलाला आपल्या वसतिगृहात दाखल करताना नावाचे प्रत्येक अक्षर तपासावे, आणि चूक आढळल्यास मूल शाळेत असेपर्यंतच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यावर ते काम फार किचकट होते.

करारनाम्यावर सही करण्यापूर्वी तो शेवटपर्यंत वाचावा. मुदत किती, ती वाढते का, विषय बदलता येतो का, परतण्याची सक्ती आहे का, अभ्यास अपुरा राहिला तर रक्कम व्याजासह परत करावी लागते का, जामीनदार कोण राहणार आणि त्याच्यावर काय जबाबदारी येते, हे सारे त्यात लिहिलेले असते. जामीनदार म्हणून बहुधा एखाद्या मामाला किंवा शेजाऱ्याला उभे केले जाते आणि त्याला काहीच सांगितलेले नसते. त्याला समोर बसवून मराठीत समजावून सांगावे, आणि सहीची एक प्रत त्याच्या घरीही ठेवावी.

आपल्या शाळेचे जे विद्यार्थी परदेशी शिकून आले किंवा सध्या तेथे आहेत, त्यांना एक विनंती आहे. आपले हेतुनिवेदन, नाकारले गेलेले अर्ज आणि मंजूर झालेला करारनामा यांच्या प्रती, खासगी मजकूर खोडून, शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवाव्यात. नववी-दहावीच्या मुलांसाठी त्यांची एक फाइल करून वाचनाच्या टेबलावर ठेवता येईल. नाकारलेले अर्ज जरूर पाठवा. मुले तेच आधी वाचतात.